मुंडकं आत राहतं

माझ्या नणंदेने माझ्या पोटावर पाय दिला, आणि तोही सही-शिक्क्यानिशी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द तोंडून गेले तर कुणी असं समजायला नको की माझा राग निवळला. निवळलेला नाही. पूर्वी तो एकट्या त्यांच्यावर होता, आता पुष्कळ जणांत वाटला गेलाय, एवढाच फरक.

मी मासळीबाजारात बसते. मोठ्या दारातून आत आलं की उजव्या हाताला नळाला लागून जो ओटा आहे, तो माझा. माझ्या आधी सासूबाई त्यावर बसत. पाणी हाताशी, गटार पायाशी, उजेड थेट माशावर. असा ओटा बाजारात दुसरा नाही, त्यामुळे सगळ्यांचा त्यावर डोळा. बाजार समितीच्या अध्यक्षांचा मेहुणा मागच्या कोपऱ्यात बसतो, जिथे दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. येता-जाता माझ्या नळाखाली हात धुतो आणि म्हणतो, "बाई, तुमचं बरं आहे." मी म्हणते, "हो, बरं आहे, आता सरका."

झालं असं, की पलीकडच्या गल्लीतली शिंपीणबाई, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, एक सुरमई अख्खी घेऊन गेली. घरी कापली, तर पाठीच्या मांसात तपकिरी, कडक, फांद्या फुटलेलं काहीतरी. मुळं म्हणा, शिंगं म्हणा. तिने किंकाळी फोडली, तिच्या लेकाने फोटो काढला आणि दुपारच्या आत गावातल्या प्रत्येक फोनवर माझी सुरमई! 'शिंगवाला किडा' काय, 'पोटात जाऊन वाढतो' काय, एकाने तर तो वळवळताना पाहिला म्हणे. अरे, मेलेल्या माशातला तुकडा तो, वळवळतो कसला डोंबलाचा! पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार.

आरोग्य खात्याचा माणूस आला आणि शिंपीणबाईकडून तो तुकडा बाटलीत घालून घेऊन गेला. मागोमाग अध्यक्ष आले. लवंग चघळत म्हणाले, "अहवाल येईपर्यंत ओटा बंद ठेवा. माणसाला बाधणारा किडा निघाला, किंवा काय आहे तेच कळलं नाही, तर ओटा दुसऱ्याला द्यावा लागेल. माझा नाइलाज आहे." ते नाइलाज म्हणत होते तेव्हा त्यांचा मेहुणा माझ्या नळाखाली हात धूत होता.

तरी मी डगमगले नाही. बाटली जाणार कुठे? बंदरावरच्या मत्स्य प्रयोगशाळेत. आणि तिथे असल्या गोष्टी ओळखणारं माणूस एकच. ते माझ्या घरात राहतं, माझ्या हातचं जेवतं. मी भर बाजारात सांगितलं, "माझ्या वन्सं आहेत तिथे. आता बघाच."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं म्हणे. मुलाच्या आईने सहज विचारलं, तुम्ही नेमकं काय काम करता? वन्संनी नेमकंच सांगितलं. माशाच्या कल्ल्यांत, नाकपुड्यांत, टाळूला चिकटून काही प्राणी राहतात, ते मी शोधते, टाचणीने त्यांचे पाय सुटे करते आणि पायांवरचे केस मोजते. त्या बाईने हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि तिला एकाएकी घरचं काम आठवलं. वन्सं आजही हे सांगताना म्हणतात, "केस नाही म्हणायला पाहिजे होतं. काही केस असतात, काही काटे असतात. मी घाईत चुकीचं सांगितलं."

अशा आहेत त्या. गावात त्यांना उवाबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हटलं तर चिडत नाहीत, समजावत बसतात. "ऊ म्हणजे कीटक. हे कीटक नाहीत, कोपेपॉड आहेत. कोळंबी आणि खेकडे यांच्या भाऊबंदांतले." मी एकदा म्हटलं, भाऊबंद असूनही दुसऱ्याच्या अंगावर बसून खातात, म्हणजे माणसांसारखेच की. त्या हसल्या नाहीत. त्यांना विनोद दुसऱ्या दिवशी कळतो. मग मी भांडी घासत असताना मागून येऊन सांगतात, "काल तू म्हणालीस ते बरोबर होतं."

हे वेड ओट्यावरच लागलं. शाळा सुटली की त्या आईजवळ येऊन बसायच्या. मासा धुऊन, मांडून ठेवलेला असायचा. त्याच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पळताना दिसायचं. इतर पोरी ओरडायच्या, या डोळे लावून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, माझी पोर गिऱ्हाइकांकडे बघेना, माशाच्या कल्ल्यांत काय शोधते देव जाणे. पण शोधू दिलं. पुढे शिकवलं. कॉलेज, त्याच्याही पुढचं कॉलेज, तिकडे दूरच्या शहरात राहणं, सगळं त्या ओट्यावर बसून केलं. सासरे तर वन्सं लहान असतानाच गेले होते.

घरात मासा आला की तो आधी वन्संच्या भिंगाखाली जातो, मग माझ्या कढईत. माझा भुवया कोरायचा चिमटा मला कधी जागेवर सापडत नाही. त्यांच्या खोलीत स्पिरिटचा वास, खिडकीत काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाईने का नाही? तर शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीवर मासा कोणता, कुठला, कधीचा, आणि तो प्राणी कुणी गोळा केला त्याचं नाव. ते नाव नसेल तर त्यांच्या लेखी ती नळी कचरा.

बंदरातल्या माशांवरचे असे सगळे प्राणी त्यांनी एका जाडजूड पुस्तकात चितारलेत. एकेका पायाचं वेगळं चित्र. आयुष्य गेलं त्यात. दूरदूरचे लोक ते पुस्तक बघून आपल्याकडचे प्राणी ओळखतात. आणि त्या माशांपैकी बहुतेक त्यांना कुठून मिळाले? आमच्या ओट्यावरून. प्रयोगशाळेची बोट आहे, पण ती वर्षानुवर्षं किनाऱ्यावर चढवून ठेवलीय, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

तर अशा माणसाकडे बाटली गेली, आणि अहवाल आला: नमुना अपूर्ण. ओळख निश्चित करता येत नाही.

अध्यक्षांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. मेहुणा हात पुसत उभा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. वन्सं जेवायला बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढचं ताट उचललं. हो, उचललं. नवरा "अगं, अगं" म्हणायला लागला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आवाज करणाऱ्या वस्तूंची त्याला सवय आहे, पण त्या दिवशी तोही मागे सरकला.

"ओळख निश्चित करता येत नाही?" मी म्हटलं. "माझी तरी ओळख करता येते का? मी कोण, आठवतंय का?"

"दिसलं तेवढं लिहिलं," वन्सं म्हणाल्या.

"घरच्या माणसासाठी एक ओळ जास्त लिहिली असती तर हात झडला असता? 'किडा नाही, काही बाधत नाही', एवढं लिहायला काय झालं होतं?"

"घरच्या माणसासाठी म्हणूनच पुन्हा पुन्हा बघितलं. वहिनी, नुसती शिंगं आली आहेत. सुरी लागून मागचं सगळं गेलंय. असली शिंगं असलेला एक कोपेपॉड मला चित्रांतून माहीत आहे. डोकं मांसात रोवतो, बाकीचं धड बाहेर लोंबतं. पण शिंगं जशी जागा मिळेल तशी वाढतात, त्यांच्यावरून ओळखत नाहीत. धड पाहिजे, पाय पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे तो आपल्या बंदरात नाही. मी आयुष्यभर बघतेय. एकदाही दिसलेला नाही. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय."

मग त्यांनी मान वर केली. "त्या माशाला बाहेरून काही लोंबत होतं का गं? दोऱ्यासारखं?"

मी ताट त्यांच्यापुढे आदळलं आणि बाहेर निघून गेले.

कारण लोंबत होतं. लोंबतच असतं! सुरमईला, आणखी दोन-चार जातींना, पाठीत नाहीतर पोटाशी बोटभर लांब दोरा असतो, त्याच्या टोकाला आणखी बारीक धागे. आम्ही त्याला 'दोरा' म्हणतो आणि पहाटे धक्क्यावर, टोपलीत मासा घेतानाच तो उपटून टाकतो. चिमटीत धरायचा, हिसका द्यायचा, टुक् होतं, जागा अंगठ्याने घासायची, वर बर्फाचं पाणी. कुणाच्या बापाला कळत नाही. बाजारातली प्रत्येक बाई हे करते. मला सासूबाईंनी शिकवलं, लग्नानंतर पहिल्यांदा धक्क्यावर नेलं त्याच पहाटे. आणि बजावलं, हे घरी बोलायचं नाही, माझ्या लेकीपुढे तर नाहीच नाही. मी कधी बोलले नाही. वन्सं ज्या माशांवरून पुस्तक लिहीत होत्या, ते आम्ही त्यांना न्हाऊ-माखू घालूनच देत होतो.

आता माझा खरा राग कुणावर होता ते ऐका. शिंपीणबाईच्या माशात जे सापडलं ते दोऱ्याचं मुंडकं आहे, हे बाजारात सगळ्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. हिसका जोरात बसला की मुंडकं आत राहतं, ते कुणाला माहीत नाही? कोपऱ्यातल्या मेहुण्याला माहीत होतं. अध्यक्षांची आई याच बाजारात जन्मभर बसली, त्यांना माहीत नसेल? पण एकीनेही, एकानेही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर म्हणावं लागलं असतं की आम्हीही उपटतो. त्यापेक्षा एकटी मी बुडाले तर बरं. जिच्या पोराच्या तापात मी ओटा सोडून धावले होते, ती शेजारीण माझ्याकडे न बघता कोळंबी सोलत होती. मेली एवढी का सोलते, गिऱ्हाईक तर एकही नव्हतं.

आणि मीही गप्प होते, ते सासूबाईंना दिलेल्या शब्दासाठी. दोन दिवस तो शब्द धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी मेहुण्याने माझ्या ओट्याची लांबी मोजायला दोरी आणली. माझ्या देखत! तेव्हा मनात म्हटलं, सासूबाई, माफ करा, नाहीतर करू नका, पण हे काही मला बघवणार नाही.

पहाटे धक्क्यावर गेले. आमच्या ओळखीच्या एका बोटीच्या तांडेलाला म्हटलं, एक सुरमई दे, आणि तिला हात लावू नकोस, दोरा तसाच पाहिजे. तो म्हणाला, दोऱ्यासकट? डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, डोकंच पाहिजे मला. मासा फडक्यात गुंडाळला आणि प्रयोगशाळेत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारावरचा पहारेकरी म्हणाला, मासे विकायला मागच्या दाराने या. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचंच दार उघडलं.

वन्संच्या टेबलावर मासा ठेवला. "घ्या. धड पाहिजे होतं ना? हे घ्या धड."

फडकं बाजूला झालं आणि वन्सं उभ्याच राहिल्या. पाठीवरून दोरा लोंबत होता, काळपट लाल, आणि त्याच्या टोकाला पांढरे दोन धागे. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही. हात धुतले आणि कामाला लागल्या.

मी हिसका देऊन जे पापणी लवायच्या आत करते, त्याला त्यांनी अर्धा दिवस लावला. दोऱ्याला धक्का लागू न देता भोवतालच्या मांसाची वडीच कापून काढली. मग पेनाच्या काडीला बसवलेल्या सुईने ते मांस तंतू-तंतू करून सोडवायला लागल्या. श्वास धरून सुई चालवायची, सुई उचलून श्वास सोडायचा. मी म्हटलं, वन्सं, मी भात लावून परत येऊ का? "श्श." हळूहळू मान आली, मग तपकिरी शिंगं. बाटलीतल्या तुकड्यासारखीच. मानेवरचा बारीकसा भाग कापून त्यांनी लॅक्टिक अ‍ॅसिडच्या थेंबात टाकला, तो काचेसारखा पारदर्शक झाला. मधल्या भोकावर पातळ काच चिकटवलेल्या लाकडी पट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि मला म्हणाल्या, "बघ."

मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसले पाय. इवलेसे, जोडी-जोडीने, प्रत्येकावर पिसांसारखे केस. त्या दोऱ्याला पाय होते! इतकी वर्षं मी उपटत होते, पण त्याला पाय असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

"लहानपणी पोहत असते," वन्सं म्हणाल्या. आवाज बदलला होता, भातुकली मांडलेल्या मुलीचा झाला होता. "मग मासा सापडतो. डोकं आत घालते आणि पोहणं कायमचं बंद. धड लांबतं, पाय एवढेच राहतात. हे पांढरे धागे म्हणजे अंडी. ही मादी आहे. बाहेर दिसतात त्या सगळ्या माद्या."

"आणि नवरा?"

"तो आधीच काम आटपून मरतो."

"सुटला," मी म्हटलं. आणि त्या चक्क त्याच दिवशी हसल्या.

मग त्यांनी शिंपीणबाईची बाटली आणून शेजारी ठेवली. एकीकडे शिंगं, एकीकडे शिंगं. शिंपीणबाईच्या तुकड्याला चिकटलेली मांसाची कपची तशीच होती. तीही त्यांनी सुईने सोडवली. आत, मानेच्या तुटक्या टोकावर, एक पाय शिल्लक होता. आधी तो मांस समजून त्यांनी सोडून दिला होता, कारण इथे पाय असेल अशी अपेक्षाच नव्हती. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग शांतपणे विचारलं, "हे कधीपासून येतात?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून."

"आईच्या वेळी?"

"त्यांनीच तर शिकवलं उपटायला."

वन्संनी चष्मा काढला. "तुला शिकवलं. मला का नाही?"

सासूबाई जे म्हणाल्या होत्या, ते पुरतं सांगायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. मला काय माहीत का!"

"मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची," वन्सं म्हणाल्या. "रोज विचारायची, आई, आज माशावर काही होतं का? आणि ती नाही म्हणायची." त्यांचा आवाज चढत गेला. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी ते पुस्तकात लिहिलं, वहिनी! नाही म्हणून लिहिलं! आईच्या शब्दावर नाही, माझ्या डोळ्यांवर! आणि तुम्ही दोघी माझ्या डोळ्यांत धूळ टाकत होतात. चालती हो इथून. आत्ताच्या आत्ता."

मी चालती झाले. जिन्यावर मलाही राग आला. ओटा माझा जातोय, पोट माझं उपाशी राहणार, आणि यांना रडू कशाचं, तर पुस्तकातल्या एका ओळीचं! रस्ताभर मी त्यांना बोल लावत गेले. पण खरं सांगते, त्या नवा अहवाल देतील की नाही, याची भीती मला पहिल्यांदा तेव्हा वाटली. दिला तर त्यांचं पुस्तक चूक ठरतं, नाही दिला तर माझा ओटा जातो.

घरी त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. नवरा एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे बघायचा आणि चहा करून आणायचा. चहा तेवढा झाला पुष्कळ.

समितीची बैठक बाजारातच भरली, बर्फाच्या पेट्यांवर बसून. आरोग्य खात्याचा माणूस होता, शिंपीणबाई होती, सगळ्या विकणाऱ्या होत्या. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि ओट्याचं बोलणार, एवढ्यात दारातून वन्सं आल्या. सासूबाई गेल्यापासून त्यांनी बाजारात पाऊल टाकलं नव्हतं. हातात काचेची बरणी. सरळ माझ्या ओट्यापाशी आल्या आणि बरणी त्यावर ठेवली.

"हा कोपेपॉड आहे," त्या म्हणाल्या. "कोळंबीचा नातेवाईक. माशाखेरीज कुठे जगत नाही. माणसाच्या पोटात वाढत नाही, चुकून शिजवून खाल्ला तरी बाधत नाही. बाटलीतला तुकडा याचंच डोकं आहे. नवा अहवाल आणलाय, सही केली आहे. हा प्राणी या बंदरात नाही असं माझ्या पुस्तकात छापलंय. ते चूक आहे. तेही अहवालात लिहिलंय."

आरोग्य खात्याच्या माणसाने बरणी उजेडाकडे धरली, अहवाल वाचला आणि मान हलवली. त्याचं समाधान झालं होतं. अध्यक्षांचं झालं नाही. मेहुणा शेजारीच बसला होता ना.

"म्हणजे बंदरभर आहे," अध्यक्ष म्हणाले, "आणि तुम्हाला एवढ्या वर्षांत दिसला नाही? तुमच्या आईच्या ओट्यावर, तुमच्या नाकाखाली? मग आज जे सांगताय, त्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा, बाई?"

  आई लपवत होती, हे वन्संना म्हणता येईना. जे माणूस मोडलेल्या स्थळाची गोष्ट सांगतानाही केस आणि काटे वेगळे करतं, त्याला आज शब्द सापडेना. आणि अध्यक्ष लवंग चघळत हसत होते. सगळं माहीत असून हसत होते!

माझं डोकंच फिरलं. मी बर्फाच्या पेटीवर चढले.

"मी सांगते कसा दिसला नाही! आम्ही उपटून टाकतो म्हणून! मी उपटते, ही उपटते, ती कोळंबी सोलणारी उपटते, आणि अध्यक्ष, तुमची आई तर दोन्ही हातांनी उपटायची! माझ्या सासूबाई उपटायच्या. मला म्हणाल्या, माझ्या लेकीला सांगू नकोस. तिला कळलं की ती लिहिणार, तिला खोटं लिहिता येत नाही. तिने लिहिलं की आपला मासा कुणी घेणार नाही. आणि मासा गेला नाही तर तिला शिकवू कशावर? ऐकलंत? हा ओटा चालावा म्हणून लेकीपासून लपवलं, आणि ओटा चालवला तो लेकीला शिकवायला! आता द्या तो मेहुण्याला! त्याला काय, त्याची लांबी तर मोजून झालीये!"

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी हे त्यांना खोलीत, एकटीला, हळू आवाजात सांगायला पाहिजे होतं. पण मला हळू आवाज येत नाही.

कोपऱ्यातून एक म्हातारी उठली, बाजारातली सगळ्यांत जुनी. म्हणाली, "खरं आहे. आम्हीही उपटतो. माझी तर नखं झिजली त्यात." मग कोळंबीवाली उठली. मग आणखी दोघी. शिंपीणबाई म्हणाली, "अगोबाई, मग आधी सांगायचं ना, मी काय तुम्हाला खाणार होते?" मी तिच्यावर ओरडणार होते, पण ती खरंच माझ्याकडे बघून रडत होती, म्हणून सोडून दिलं.

अध्यक्षांनी लवंग थुंकली. ओटा माझा राहिला. मेहुण्याला मी सांगितलं, नळ बाजाराचा आहे, हात खुशाल धू, पण बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धक्क्यावर गेले, तर वन्सं माझ्या आधी तिथे. हातात नळ्यांची पिशवी, डोळे सुजलेले. तांडेलाने टोपली खाली ठेवली. वरच्याच सुरमईला दोरा होता. माझा हात सवयीने गेला आणि वन्संनी त्यावर फटकन मारलं. लहान मुलाला मारतात तसं.

"उपटायचं नाही! मुंडकं आत राहतं!"

"मग धंदा कधी करू? तुमच्यासारखा अर्धा दिवस घालवू?"

"अर्धा दिवस नको. असं कापायचं." त्यांनी वाकून छोट्या सुरीने दाखवलं. दोराही आला, मुंडकंही आलं, माशाला नखाएवढी खाच पडली फक्त. मला मान्य करायचं नव्हतं, पण हात चांगला आहे त्यांचा, मासळीवालीचा हात आहे.

त्यांनी ते नळीत घातलं, कानामागची पेन्सिल काढली आणि चिठ्ठी लिहायला बसल्या. मासा. बंदर. तारीख. मग गोळा करणाऱ्याच्या नावाशी थांबल्या.

"कुणाचं लिहू?" त्यांनी विचारलं. "पहिल्यांदा आईला सापडला होता."

"त्या तर फेकून द्यायच्या," मी म्हटलं. "ज्याने ठेवला त्याचं लिहा."

 वन्संनी आधी आईचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली माझं. मी म्हटलं, चला, आटपा आता, गिऱ्हाईक येईल. आणि तोंड फिरवून टोपली डोक्यावर घेतली.